खालच्या मजल्यावरील काकूंस

तीर्थस्वरूप काकूंस साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही चहा ठेवायला आत निघून जाता, म्हणून हे पत्र चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

सिंहगड रस्त्यावरील या दोन खोल्यांत मी ११ महिन्यांच्या करारावर राहायला आलो, तेव्हा भिंतीला हात लावायचीही मला धास्ती होती. आधीच्या घरी फळीसाठी चार भोके पाडली, तर मालकांनी संपूर्ण भिंतीच्या रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापून घेतला होता. त्यामुळे येथे मी चिकटणारे हुक लावले आणि आठवडाभरात त्यांपैकी एक तळहाताएवढा पोपडा घेऊन खाली आला. माझे चुकून तुमच्याकडे आलेले पार्सल द्यायला तुम्ही त्याच संध्याकाळी वर आलात, भिंतीवरून बोट फिरवलेत आणि म्हणालात, "अरे, हा साधा डिस्टेंपर आहे. हुक भिंतीला नाही, रंगाला चिकटतो. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर लाव, नाहीतर ऑइलपेंटच्या दारावर." पुट्टी भरून तो डाग कसा बुजवायचा, हे तर तुम्ही दाखवलेतच; शिवाय घरात आधीपासून असलेल्या खिळ्यांचे, ओलीचे आणि डागांचे फोटो काढून त्याच रात्री मालकांना पाठवायला लावलेत.

सजावटीसाठी मी ५,००० रुपये बाजूला ठेवले होते आणि त्यांतून एक स्वस्तातला सोफा घेणार होतो. तुम्ही महिनाभर काहीही विकत घेऊ दिले नाहीत. ऊन कोठून येते आणि मी खरोखर कोठे बसतो, एवढेच पाहायला सांगितलेत. तेव्हा कळले की मला खुपत होता तो बैठकीच्या खोलीतील ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड. कोपऱ्यातल्या जुन्या टेबललॅम्पमध्ये ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, ९ वॉटचा दिवा लावताच ती खोली पहिल्यांदा घरासारखी दिसली, आणि पाच हजारांतले शंभरसुद्धा धड खर्च झाले नव्हते.

पडद्यांची हकिगत मात्र मला सविस्तर सांगितलीच पाहिजे. दुकानातील तयार पडद्यांचे भाव ऐकून मी परतलो, तेव्हा तुम्ही आईच्या जुन्या सुती साड्या गावाहून मागवून घ्यायला लावल्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट भरते. सात फुटांच्या दारासाठी दुमडीसह साडेसात फुटांचे दोन पडदे काढले तरी तीन फूट कापड उरते आणि त्यात उशांचे दोन अभ्रे बसतात, हा हिशेब तुम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवलात. काठ दोन्ही बाजूंना उभे येत असल्यामुळे तिथे शिलाई करावी लागत नाही, आणि अनेकदा धुतलेली साडी आधीच आटलेली असल्याने पडदा पुढे आखूड होत नाही, हे मला कोणत्याही दुकानदाराने सांगितले नसते. मी घातलेले वाकडे टाके तुम्ही दोनदा उसवलेत. त्या वेळी राग आला होता, हे आज कबूल करतो.

सोफ्याची जागा ट्रंकांनी घेतली. काकांच्या पाटबंधारे खात्यातील बदल्यांमुळे धरणांवरच्या वसाहतींत संसार केलेल्या तुम्हाला ट्रंकेवर गादी आणि गादीवर सोलापुरी चादर ही बैठक नवी नव्हती. मला ती नवी होती. रविवारी जुन्या बाजारात तुम्ही दोन ट्रंका ठोकून, उघडून, बिजागऱ्या तपासून घेतल्यात, आणि घासाघीस चालली असताना मला मुद्दाम दूर उभे केलेत, कारण माझ्या चेहऱ्यावर म्हणे होकार आधीच दिसतो. आता हिवाळ्याची पांघरुणेही त्यांतच राहतात. बैठक ओलीच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवण्याचा तुमचा आग्रह पावसाळ्यात उपयोगी पडला. त्या भिंतीवर बुरशी आली, पण गादी कोरडी राहिली. (तुम्ही देऊ केलेली प्लास्टिकच्या फुलांची परडी मी नाकारली, त्याबद्दल क्षमस्व. त्या बाबतीत माझे मत अजून बदललेले नाही.)

मालकांना ही जागा आता त्यांच्या मुलासाठी हवी असल्याने मला महिनाअखेरीस निघावे लागत आहे. काल त्यांनी भिंती पाहिल्या, जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्या आणि अनामत रक्कम पूर्ण परत करण्याचे मान्य केले. नव्या घराची दारे मी मोजून आलो आहे. ती येथल्यापेक्षा तीन इंचांनी उंच आहेत. पडद्यांची खालची दुमड तुम्ही चार इंचांची का ठेवायला लावली होती, ते तेथे उभा असताना माझ्या लक्षात आले. ती उसवायला शनिवारी दुपारी खाली येतो. चहा मी करीन.

आपला नम्र,
तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरू