वीजमंत्र्यांना खुलं पत्र: आधी आमच्या सड्यावरचा वारा मोजा

मा. वीजमंत्री, गोवा सरकार,
सप्रेम नमस्कार.

साहेब, आमच्या डिचोलीत पाऊस लागला की माडाचं एखादं चुडत तारेवर पडतं आणि अख्खा वाडा काळोखात, तोच वारा वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, मात्र नुसता घोंघावत असतो, त्यावरनंच गावात विषय निघाला की गावाच्या मालकीची पवनचक्की का नको. (चक्की आली म्हणून लाईट जायची थांबणार नाही हे ठाऊक आहे, ग्रीड गेली की तीही बंद.)

तर पहिलं मागणं, वारा मोजा. सेकंदाला ४ मीटर वारा आणि ५ मीटर वारा, फरक दिसतो एका मीटरचा, पण त्यातली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे जुलैतला सोसाटा बघून कोणी हुरळून जाऊ नये, सड्यावर वारा मोजायचा उंच खांब (मास्ट) लावून निदान वर्षभर मोजायला हवं, मार्च-एप्रिलचंही कळायला हवं, आणि ते आकडे पंचायतीच्या बोर्डावर लागू देत. पेडणे तालुक्यातले सडे मोठे, पण तिथे मोपा विमानतळ, म्हणजे चक्कीच्या उंचीसाठी एनओसी आली.

दुसरं मालकीचं. आपल्याकडे कोमुनिदाद ही जुनी गावसंस्था आहेच, गावाची जमीन, उत्पन्नात गांवकारांना (गावच्या मूळ घराण्यांना) वाटा, ऐकायला छान, पण परंपरेने तो वाटा गांवकारांच्या पुरुषांनाच, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि बायका बाहेर. चक्कीसाठी तसलं नको. जमीन कोमुनिदादीकडून भाड्याने घ्या, चक्की मात्र सहकारी सोसायटीची, ज्याच्या घरी वीजमीटर तो मेंबर होऊ शकेल अशी.

आणि वारा कमीच निघाला तर? तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यात ओडंतुरई म्हणून पंचायत आहे, त्यांनी २००६ च्या सुमारास बँकेचं कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली, ती गावात नाहीच, लांब जिथे वारा आहे तिथे उभी केलीय, वापरून उरलेली वीज विकतात. पंचायत, कंपनी नव्हे! आम्हालाही घाटापलीकडे चक्की घ्यायला हरकत नाही, पण तिची वीज आमच्या बिलात वळती होणार का, व्हीलिंगचे, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून वीज आणायचे, चार्जेस किती, सोसायटीला परवानगी कोण देणार, हे तुमच्या खात्याने लेखी कळवावं. पुढच्या ग्रामसभेच्या आधी मिळालं तर बरं, म्हणजे ठराव घेता येईल.

आपला,
डिचोलीचा एक वीजग्राहक