दिलप्या, एक पंख खोड

पुणे, २२ जून

प्रिय दिलप्या,

तुझी गुंडाळी परवा मिळाली. कुरियरवाल्यानं ती भर पावसात जिन्याखाली टाकून दिली होती, पण तू आतून प्लास्टिक गुंडाळलं होतंस, त्यामुळे थेंबभर ओल लागली नाही. मास्तरकीतून निवृत्त झालास तरी वस्तू बांधायची सवय गेली नाही तुझी. माझ्या पुस्तकासाठी तू काढलेलं स्कायलॅबचं, म्हणजे त्या जुन्या अमेरिकी अंतराळस्थानकाचं, चित्र टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार जाड कोश ठेवले आणि बघत बसलो. चहा दोनदा गार झाला.

काय काढलंयस, लेका! भिंत कापून आतलं दाखवायचं चित्र मी आजवर पुष्कळांकडून काढून घेतलं, पण नळ्यांची आणि माणसांची भेसळ होऊन त्याचा कारखाना होतो. तुझ्यात घर दिसतं. तीन जणांचं जेवणाचं टेबल, त्रिकोणी जाळीची जमीन, तिच्यात अडकणारे बुटांचे त्रिकोणी खिळे, कापडाच्या नळकांड्यात उभं राहून आंघोळ करणारा अंतराळवीर जॅक लाउस्मा. खिडकीपाशी माणूस टेकलेला दाखवलास ते फार बरं केलंस. रेमंड लोवी या डिझायनरनं ती खिडकी हवीच म्हणून सांगितलं होतं. अभियंत्यांच्या लेखी खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, म्हणजे कटकट. नंतर तिथं राहिलेल्या माणसांनी फावला वेळ घालवला तो मात्र त्याच भोकापाशी.

एवढं कौतुक केलं की तुला संशय येतो, हे मला चौथीपासून माहीत आहे. खरा आहे तुझा संशय. चित्रात एक चूक आहे आणि ती माझ्यामुळे झाली. मी तुला जी जुनी चित्रं पाठवली, ती उड्डाणाआधी काढलेली होती. त्यांत स्कायलॅबला दोन्ही बाजूंना दोन मोठे सौरपंख आहेत. तूही इमानदारीनं दोन काढलेस. आकाशात गेलेल्या स्कायलॅबला एकच होता.

एक पंख खोड, दिलप्या.

तुला सगळं नीट सांगतो, म्हणजे ब्रश उचलताना शिव्या जरा कमी देशील. १४ मे १९७३. स्कायलॅब वर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं ते शेवटचं उड्डाण. उड्डाणानंतर ६३ सेकंदांनी स्थानकाभोवतीची पातळ ढाल हवेच्या झोतात उखडली. बारीक उल्का आणि ऊन यांपासून वाचवायला ती बसवलेली होती. ती जाताना एका पंखाचं बांधलेलं टोक सैल झालं आणि पुढं रॉकेटचा दुसरा टप्पा सुटताना त्याच्या उलट्या झोतानं तो पंख मुळापासून उडाला. दुसरा पंख वाचला, तोही गंमत म्हणजे त्याच फुटक्या ढालीमुळे. तिची एक पट्टी त्यावर आवळून बसली, म्हणून तो उडाला नाही आणि उघडलाही नाही. वर दुर्बिणींच्या भागाला पवनचक्कीसारखे चार पत्रे होते, ते तेवढे ठीक उघडले. ते तू अचूक काढलेत, त्यांना हात लावू नकोस. पहिले तीन आठवडे त्यांच्याच विजेवर कसंबसं भागवलं.

ढाल गेल्यामुळे आत तापमान ५२ अंशांपर्यंत चढलं. चंद्रपूरच्या मे महिन्यालाही मागं टाकणारं. अन्न, औषधं, फिल्म सगळं आत. माणसं दुसऱ्या दिवशी निघणार होती, ती २५ मेपर्यंत थांबली. त्या दहा दिवसांत ह्यूस्टनच्या नासा केंद्रातल्या जॅक किन्झलर नावाच्या माणसानं काय करावं? गळाच्या काठ्या आणल्या. एकात एक सरकणाऱ्या, मासे धरायच्या. त्यांना कापड बांधून छतातून वर काढली की छत्रीसारखं उघडतं, असा नमुना करून दाखवला. तीच कल्पना पक्क्या सामानात उतरवून पहिल्या तुकडीतले पीट कॉनराड, जो केरविन आणि पॉल वाइट्झ वर घेऊन गेले आणि भिंतीतल्या लहानशा एअरलॉकमधून (हवा न सोडता वस्तू बाहेर काढायच्या झरोक्यातून) बाहेर सरकवून उघडली. नीट ताणली गेली नाही, सुरकुत्या राहिल्या. पण ऊन अडलं आणि आतला पारा उतरायला लागला.

यावरून माझी इथं एका जाणकाराशी वादावादी झाली. हस्तलिखित तपासताना ते म्हणाले, "छत्री काय म्हणता? 'प्रतिऔष्णिक आच्छादन' लिहा." मी म्हटलं, तिकडच्यांनी स्वतः तिला पॅरासोल म्हटलं, म्हणजे उन्हाची छत्रीच. मग मी का लाजू? दुसऱ्या तुकडीनं ऑगस्टमध्ये तिच्यावर दोन लांब दांड्यांचं कापड चढवलं, त्याला त्यांनी 'सेल' म्हटलं. त्याला मी शीड लिहिलंय. तू मालवणात राहतोस, शीड तुला मी काय समजावणार. पुस्तकात छत्रीवर शीड आहे आणि ते तसंच छापलं जाणार.

तुझ्या चित्रातही शीड हवंय. कारण तू आत अ‍ॅराबेला नावाची आठ पायांची कोळीण जाळं विणताना दाखवलीस. लेक्सिंग्टन गावच्या ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीनं सुचवलेला तो प्रयोग दुसऱ्या तुकडीकडे होता. कोळीण आत असेल तर बाहेर शीड असायला हवं. छत्रीची नारिंगी-सोनेरी कड खालून डोकावू दे, छान दिसेल. तू म्हणशील, कोळिणीवरून कोण तारीख काढणार? अरे, आठवीतली पोरं काढतात. मागच्या पुस्तकात मी एका रेल्वे इंजिनाला दोन चाकं कमी दाखवली, तर सांगलीच्या एका मुलाचं पोस्टकार्ड आलं होतं.

उडालेल्या पंखाच्या जागी नुसतं कोरं ठेवू नकोस. तिथं तुटलेली मुळं आणि लोंबत्या वायरी होत्या. फोटो सोबत पाठवतोय. तिकडच्या सरकारी छायाचित्रांवर हक्कशुल्क नसतं, श्रेय द्यायचं आणि वापरायचं. माझ्यासारख्या ११०० प्रती काढणाऱ्याला हा मोठा आधार. नासाचं बोधचिन्ह मात्र मनाला येईल तसं वापरता येत नाही. मी पहिल्या मुखपृष्ठावर ते मोठ्या हौसेनं टाकलं होतं, मग नियम वाचले आणि गुपचूप काढलं.

आणखी दोन छोटी चित्रं हवीत, रेषांची, काळ्या शाईतली. एक, पोहोचले त्या दिवशीचं. वाइट्झ यानाच्या उघड्या दारातून कमरेपर्यंत बाहेर, हातात लांब काठी, अडकलेला पंख ओढतोय आणि आतून केरविननं त्याचे पाय धरून ठेवलेत. आपण विहिरीत पडलेली कळशी काढायचो तसं. काही उपयोग झाला नाही त्याचा, पण चित्र तिथं आहे. दोन, ७ जूनचं. कॉनराड आणि केरविन बाहेर, सुमारे साडेसात मीटर लांब दांड्याच्या टोकाला कातरी, ती पट्टी कापतात. कापल्यावरही पंख हलेना, म्हणून दोरी खांद्यावर घेऊन दोघं रेटा देतात आणि तो असा अचानक सुटतो की दोघंही भिरकावले जातात. कमरेच्या दोऱ्या होत्या म्हणून राहिले. हे दुसरं चित्र पूर्ण पानभर. तो एक पंख त्यांनी मिळवला नसता, तर ५९ दिवसांची दुसरी तुकडी आणि ८४ दिवसांची तिसरी गेलीच नसती.

छपाईचं विचारलं होतंस. सात फर्मे (सोळा पानांचा एक), ११२ पानं. हिशेब करताना मोह झाला की दोनच फर्मे रंगीत घ्यावेत आणि बाकी एकरंगी. मग सगळे रंगीत फोटो मधोमध गोळा होतात, मजकूर एकीकडे आणि चित्र तिसरीकडे, दिवाळी अंकातल्या जाहिरातींसारखं. नको म्हटलं. चार फर्मे रंगीत करतोय, पैसे कुठून आणायचे ते ही बघते आहे (म्हणजे रागानं बघते आहे).

खरी डोकेदुखी काळ्या रंगाची. अवकाशाचं पान नुसत्या काळ्या शाईत छापलं की जुन्या छत्रीसारखं राखाडी दिसतं. काळ्याखाली बाकीच्या तीन शायाही थोड्या द्याव्या लागतात, मग तो खोल होतो. पण जास्त दिल्या की ओल्या गठ्ठ्यात समोरच्या पानावर डाग उठतो, त्यात हा पावसाळा. पहिल्या प्रूफमध्ये छत्रीचा सोनेरी रंग तर चिकूसारखा आला होता. छापखान्यातला पोरगा म्हणाला, "सर, असाच असेल ना वरती?" त्याला काय सांगणार, मी कुठं जाऊन आलोय.

आता शेवटच्या प्रकरणाचं. नासानं स्कायलॅबवर सचित्र पुस्तक काढलं ते १९७७ साली. सुंदर पुस्तक, पण तेव्हा ती वरच होती, त्यामुळे शेवट त्यात नाही. आणि आपल्याकडे? आपल्याला शेवटच तेवढा माहीत. जुलै १९७९. आठवतंय ना? तुझ्या आजीनं राखलेला कोंबडा कापला होता, मरायचंच तर खाऊन मरू म्हणून. माझा चुलता बळदात जाऊन झोपला. गुरुजींनी सांगितलं, आवाज आला की बाकाखाली शिरा, आणि वर्गात बाकंच नव्हती. नंतर कित्येक वर्षं जेवणाच्या वेळी न सांगता टपकणाऱ्या त्या पाहुण्याला गावानं स्कायलॅबच म्हटलं. जगानं तिला घर म्हणून पाहिलं आणि आपण डोक्यावर पडणारी धोंड म्हणून.

ती का पडली, हे मात्र तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. सूर्यावरची खळबळ अंदाजापेक्षा वाढली, वरची हवा फुगली, तिच्या घर्षणानं कक्षा लवकर खाली आली. वर ढकलायला स्पेस शटल हे नवं यान जाणार होतं, ते १९८१ पर्यंत उडालंच नाही. जड तुकडे खाली पोहोचतील, अशी जी भीती होती त्यांत एक शिशानं मढवलेली फिल्मची तिजोरी होती. किरणोत्सारानं फोटो खराब होऊ नयेत म्हणून ठेवलेली. मी फोटोंचंच पुस्तक करतोय, म्हणून ती तिजोरी माझ्या डोक्यातून जात नाही.

११ जुलैच्या रात्री, आपल्याकडे दहा वाजून गेले होते, तेव्हा ती हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर विखुरली. एस्परन्स गावाच्या आसपास तुकडे पडले, कुणाला इजा झाली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रानं पहिला तुकडा आणणाऱ्याला १०,००० डॉलर जाहीर केले होते. एस्परन्सचा १७ वर्षांचा पोरगा तुकडे घेऊन विमानात बसला आणि घेऊन आला ते पैसे. एस्परन्सच्या पंचायतीनं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड केला. तो २००९ मध्ये भरला गेला, तोही नासानं नाही, एका अमेरिकी रेडिओवाल्यानं लोकांकडून गोळा करून. आपल्या ग्रामपंचायतीला असलं सुचलं असतं का रे?

एक प्रकरण मात्र अजून हातात टोचतंय. तिसऱ्या तुकडीनं 'संप' केला ही गोष्ट तू सुद्धा ऐकली असशील: कार, गिब्सन आणि पोग यांनी रेडिओ बंद करून दिवसभर सुट्टी घेतली. फार चविष्ट गोष्ट आहे, विकलीही जाते. पण त्या माणसांनी ती नाकारली आहे. जे सापडतं ते एवढंच: कामाचं वेळापत्रक अमानुष ठासलेलं होतं, ती मागं पडत होती, डिसेंबरअखेर जमिनीवरच्यांशी मोकळेपणी बोलणं झालं आणि मग वेळापत्रक सैल झालं, काम उलट जास्त झालं. एरवीही तेव्हा सगळ्या वाटेत संपर्क नसे, जमिनीवरचं केंद्र टप्प्यात आलं की तेवढाच. आमचे वितरक म्हणतात, "मागच्या कव्हरवर 'अंतराळातला पहिला संप' टाका, शंभर प्रती जास्त जातील." जातीलही. मी टाकणार नाही. त्याऐवजी त्या पानावर गिब्सननं हातानं काढलेली कोहोटेक धूमकेतूची रेखाटनं घेतोय. एवढे कॅमेरे सोबत असताना माणसानं पेन्सिल उचलली, हे तुला आवडेल म्हणून आधी सांगतो.

तर, सुधारलेलं चित्र १० जुलैपर्यंत येईल का बघ. मूळ चित्रावर पांढरा रंग मारू नकोस, स्कॅनमध्ये उंचवटा दिसतो. तेवढा भाग वेगळ्या कागदावर काढून पाठव, इथं संगणकावर बसवतो. आणि तो दोन पंखांचा मूळ कागद मला दे. छापणार नाही, समोरच्या भिंतीला लावीन.

काकूंच्या गुडघ्यांचं काय झालं? वहिनींना नमस्कार. सोलकढीची आठवण रोज येते.

तुझा,
सुधीर

ता. क. काळ्या शाईतल्या चित्रात केरविनचे हात वाइट्झच्या पायांना घट्ट धरलेले दिसू देत. केरविन डॉक्टर होता, म्हणून तेवढी पकड जाणकाराची काढ.