सूचना: चार्ट शिफ्ट चालू असतानाच भरा

नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीतल्या आपल्या ग्रुपच्या सगळ्या डाळमिल आणि पॅकिंगवाल्यांना परत सांगतोय, १ किलोच्या पाकिटांचा कंट्रोल चार्ट (वजन नेहमीसारखं चाललंय का सरकलंय ते दाखवणारा ठिपक्यांचा आलेख) शिफ्ट संपल्यावर एकदम भरू नका, दर तासाला सलग ५ पाकिटं काट्यावर ठेवा आणि सरासरी आणि रेंज (सगळ्यात जड वजा सगळ्यात हलकं) तिथंच मांडा.

आणि भाऊ, लिमिटच्या रेषा (ठिपके ज्यांच्या आत राहायला हवेत त्या वरच्या-खालच्या रेषा) गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशनवरून ओढायच्या नाहीत, त्या आपल्याच मशीनच्या आकड्यांतून निघतात, ५ च्या सॅम्पलला सरासरी रेंजला (सगळ्या रेंजची सरासरी) ०.५७७ नं गुणायचं, ते एकूण सरासरीत (सगळ्या सरासऱ्यांची सरासरी, हीच मधली रेषा) मिळवलं की वरची रेषा, वजा केलं की खालची. पण आधी रेंजचा चार्ट बघा, तोच स्थिर नसेल तर या लिमिटला अर्थ नाही. बऱ्याच जणांचं इथंच चुकतं म्हणून एवढं लिहितोय.

ठिपका बाहेर गेला की लगेच कारण शोधा. सगळे आत असून सलग ८ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले तरी काहीतरी सरकलंय समजा, काटा बघा, हॉपर (डाळ भरायचं नरसाळं) बघा. मात्र प्रत्येक ठिपक्याला सेटिंग फिरवू नका, त्यानं फरक उलट वाढतो.

सोमवारी मागच्या महिन्याचे चार्ट घेऊन या, पेन्सिलीनं काढलेले असले तरी चालतील.