पीएफ विचारला की मुलाखत संपते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. गोव्यातल्या मुलामुलींना सरकारी नोकरीचे वेड लागले आहे, खासगी क्षेत्रात कामे पडून आहेत आणि ती करायला परप्रांतांतून माणसे आणावी लागतात, हे आपण पुन्हा एकदा समजावून सांगितलेत, आभारी आहे. त्यात इस्पितळांचेही उदाहरण दिलेत, म्हणून हा पत्रप्रपंच. मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा झालेली परिचारिका. खासगी इस्पितळांत काम केले आहे, सध्या घरी आहे, नोकरी शोधते आहे. म्हणजे आपल्या त्या वेड्यांपैकीच एक.

आमची मुलाखत कशी होते ते सांगते. प्रमाणपत्रे बघतात, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघतात. आयसीयू केले आहे का, नाइट जमेल का, लग्न ठरले आहे का, सगळे विचारून होते. (२०१७ पासून प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आमच्या वाट्याला त्यातून लग्नाची ही आपुलकीची चौकशी तेवढी आली.) मग, "तुम्हाला काही विचारायचे आहे?" इथपर्यंत सगळे गोड. मी पीएफ आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, विचारते. एका ठिकाणी मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "बाये, तुका काम जाय काय पीएफ जाय?" (काम हवे की पीएफ हवा?) दुसरीकडे म्हणाले, "दीनदयाळ कार्ड आहे ना घरी? मग ईएसआय कशाला?" योजना सरकारची, कार्ड आमच्या कुटुंबाचे आणि सोय मालकाची! शिवाय दीनदयाळ ही गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, ती चालते ती दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांना. आजारपणात बुडालेला पगार त्यातून मिळत नाही. ईएसआयमध्ये निदान त्याचा काही भाग मिळतो. हे त्या लोकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

ईएसआय कशाला, याचे उत्तर मुलाखतीत देता येत नाही. इथे देते.

बार्देशातल्या एका इस्पितळात मी कॅज्युअल्टीला होते. भाड्याच्या स्कूटरवरून पडलेला एक पर्यटक रात्री आणला. प्यायलेला होता. सलाइन लावताना त्याने हात झटकला आणि सुई माझ्या बोटात गेली. ड्यूटीवरचे डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात जा, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांच्या आत. मेट्रनबाईंना फोन लावला. बदली माणूस आल्याशिवाय कॅज्युअल्टी सोडायची नाही, असे उत्तर आले. बदली माणूस आला तेव्हा उजाडायला आले होते. ही गोळी ७२ तासांपर्यंत चालते हे आम्हाला शिकवलेले असते. पण शिकवलेले असणे वेगळे आणि आपलेच बोट असणे वेगळे.

गोमेकॉत गोळ्या फुकट मिळाल्या, कोणी ओरडले नाही, समुपदेशन करणाऱ्या बाईंनी बसवून सगळे समजावले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण सरकारी इस्पितळाला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या रुग्णाचा अहवाल पुढे निगेटिव्ह आला आणि गोळ्या थांबल्या. हेपटायटिस बीची लस मी शिकताना घेतली होती, पण तिचा असर किती उरला आहे ते तपासायला सांगितले होते. ती तपासणी माझ्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये केली. बिल माझ्या नावाने निघाले. स्टाफ म्हणून दहा टक्के सूट दिली, हे नोंदवले नाही तर कृतघ्नपणा होईल. महिनाअखेरीस बांबोळीला गेल्याचा तो दिवस बिनपगारी धरला होता. त्या पर्यटकाच्या बिलात मात्र हातमोज्यांचेसुद्धा पैसे लावलेले मी स्वतः पाहिले आहेत.

तक्रार कुठे करणार? मी त्यांच्या पटावर नव्हतेच. पगार व्हाऊचरवर सही करून रोख. वीस माणसे झाली की पीएफ लागतो, म्हणून पट विसाच्या आत ठेवायचा आणि उरलेल्यांना 'ट्रेनी' म्हणायचे, हे त्या इस्पितळात सफाई कामगारापासून सगळ्यांना माहीत होते. मी ट्रेनी होते आणि माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलीही ट्रेनी होत्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी परिचारिकांच्या पगाराविषयी शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या लहान इस्पितळातही तो २०,००० रुपयांच्या खाली नसावा, असे त्यात आहे. आपल्या अग्रलेखात गोमंतकीय तरुणांच्या आळसाला अख्खा एक स्तंभ मिळाला. या शिफारशींना एक ओळ मिळाली असती तर बरे झाले असते. आणि सरकारी म्हणजे सगळे कायमच असते असेही नाही. तिथेही कंत्राटाचे काम आहे, नेमणुकीच्या पत्रातच लिहून देतात की पुढे कायम करण्याचा हक्क सांगता येणार नाही. तरीही आम्ही त्या रांगेत उभ्या राहतो. का, ते वरचे वाचून आपल्या अग्रलेखकारांना कळावे.

आता आलेच आहे तर आपल्याच पानांविषयी. छोट्या जाहिरातींत 'नर्सेस पाहिजेत, आकर्षक पगार, त्वरित संपर्क' असे छापून येते. खाली फक्त मोबाईल नंबर. इस्पितळाचे नाव नाही, गाव नाही, पगाराचा आकडा नाही. फोन केला तर प्रत्यक्ष या म्हणतात. डिचोलीहून म्हापसा, तिथून पुढची बस, असे करत पोचावे तर तेच जुने इस्पितळ निघते, जिथल्या मॅनेजरबाई आपल्याला आधीच ओळखतात! परतताना संध्याकाळ झाली की आमच्या बाजूच्या बसेस विरळ होतात, तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी लिहीन. सध्या विनंती एवढीच की अशा जाहिराती घेताना इस्पितळाचे नाव आणि पगार लिहिल्याशिवाय पैसे घेऊ नका. अग्रलेख लिहिण्यापेक्षा हे सोपे आहे.

पत्र लांबले आहे, हे मला दिसते. जागेअभावी कापायचे झाल्यास माझ्या बोटाची हकीकत कापा, जाहिरातींचा परिच्छेद ठेवा.

आपली,
एक परिचारिका, डिचोली
(नाव छापू नये. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे.)