बर्फाखालचे शिंपले आणि हिवाळ्यातली बदकं

प्रिय सतीश,

तुझं पत्र परवा मिळालं. बेरिंग समुद्राच्या बर्फात एका भगदाडाभोवती दाटीवाटीने बसलेल्या हजारो बदकांचं छायाचित्र पाहून तू लिहिलं आहेस, "बिचारी अडकलीत रे तिथे!" तुझा जीव कळवळला हे वाचून बरं वाटलं, पण ती अडकलेली नाहीत. ती तिथे जेवायला आली आहेत. त्या भगदाडाखाली चाळीस ते सत्तर मीटरवर चिखलाचा तळ आहे आणि त्या चिखलात शिंपले आहेत. मी बरेच दिवस या विषयात बुडालेलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. निवांत बसून वाच.

तू पाहिलास तो चष्मेवाला आयडर, एक समुद्री बदक. नराच्या डोळ्यांभोवती काळ्या किनारीचे पांढरे गोल असतात, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात हा पक्षी अलास्का आणि रशियाच्या टुंड्रावर घरटी करतो. हिवाळ्यात मात्र तो नेमका कुठे जातो, हे १९९५ पर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात त्यांची संख्या १९७० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. १९९३ मध्ये अमेरिकेने त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं, पण घट का झाली हे शोधायचं तर पक्षी वर्षातले कित्येक महिने असतात कुठे, याचाच पत्ता नाही! शेवटी उपग्रहाला संकेत पाठवणारं यंत्र बसवलेल्या एका पक्ष्याचा माग काढत विमान सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला गेलं आणि बर्फाच्या फटींमधल्या उघड्या पाण्यात ती सापडली. जगातली जवळजवळ सगळी, एकाच भागात. पुढे हवाई मोजणीत आकडा साडेतीन लाखांच्या वर गेला.

एवढ्या मोठ्या समुद्रात नेमकं तिथेच का? याचं उत्तर मला फार आवडतं. वसंतात तिथला बर्फ वितळू लागला की बर्फाला धरून असलेलं आणि पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ एकदम फोफावतं. एरवी ते खाऊन टाकणारे बारीक तरंगते प्राणी त्या थंडगार पाण्यात तेव्हा पुरेसे वाढलेले नसतात. मग ते शेवाळ तसंच उथळ तळावर जाऊन पडतं आणि शिंपले, कृमी, झिंग्यांच्या गोतावळ्यातले ॲम्फिपॉड अशा सगळ्यांचं त्यावर पोट भरतं. तळाशी अतिथंड पाण्याचा थर टिकून राहिल्यामुळे शिंपल्यांवर ताव मारणारे बरेचसे मासेही दूर राहतात. म्हणजे ऐन जानेवारीच्या अंधारात आयडर जे खातो, ते मागच्या काही वसंतांतलं ऊन असतं. जॅकलिन ग्रेबमायर आणि जेम्स लव्हॉर्न या शास्त्रज्ञांनी हा धागा तळापासून पक्ष्यापर्यंत जोडून दाखवला आहे. त्यांचं काम वाचताना मी अक्षरशः जागचा हललो नाही.

आता थंडीचं. पाण्यावर बसलेल्या आयडरला पिसांत धरलेली हवा सांभाळते. बुडी मारली की दाबाने ती हवा दबते आणि ऊब कमी होते. सुरुवातीचे काही मीटर तर वेगळ्याच कारणाने कष्टाचे, कारण अंग वर तरंगू पाहतं आणि अर्धवट उघडलेल्या पंखांनी वल्हवत ते खाली रेटावं लागतं. तळाशी जायचं, गाळातून शिंपले हुडकायचे, गिळायचे, वर येऊन दम खायचा, पुन्हा खाली. गिळलेला प्रत्येक शिंपला शून्य अंशाच्या आसपासचा. त्यात मांस थोडं, बाकी कवच आणि खारं पाणी. तो सगळा ऐवज पोटात चाळीस अंशांच्या घरात तापवायचा, कवच भरडायचं, जादा मीठ बाहेर टाकायचं, आणि मग हाती लागेल ती कमाई.

हा व्यवहार नीट बघायचा तर साधा आयडर बघावा. त्याचं मुख्य अन्न म्हणजे मसल, खडकांना आणि एकमेकांना चिवट धाग्यांनी चिकटून राहणारे काळपट निळे शिंपले. पाण्याखालच्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. आयडर घोसात चोच खुपसतो, मान झटकतो, धागे तुटतात, शिंपला सुटतो. लहान असला तर तिथल्या तिथे गिळतो. मोठा असला किंवा दोन-चार एकत्र आले तर वर आणतो, आणि वर एखादा कुरव हिसकावून घ्यायला टपलेला असतोच. कवच उघडण्याची काही सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे शिंपला अख्खाच आत जातो आणि पेषणीचे जाडजूड स्नायू जात्यासारखे तो भरडतात. कवचाचा चुरा मग विष्ठेतून बाहेर. खेकडा मिळाला तर आधी झटकून झटकून त्याचे पाय तोडायचे आणि मग धड गिळायचं. अशा तऱ्हेने दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका माल त्याच्या पोटातून जातो, यावरून त्यात पौष्टिक किती आणि भाकड किती याचा अंदाज कर. म्हणूनच हिवाळ्यात आयडर पुष्कळदा मोठे शिंपले सोडून लहान-मध्यम निवडतो. मोठ्यात मांस जास्त असतं खरं, पण कवच वाहायचं आणि भरडायचं ओझंही तितकंच वाढतं.

सतीश, मला जे पोटतिडकीने सांगायचं आहे ते हे की समुद्री बदकाचा हिवाळा कवचात मांस किती आणि तळावर शिंपले किती दाट, या दोन गोष्टींवर ठरतो. शिंपले विरळ झाले की बुडीचा खर्चच भरून निघत नाही. मग समुद्रात एकूण शिंपले कितीही असोत, पक्ष्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. आणि हे सगळं आपल्या नजरेआड घडतं. वर पक्षी कमी दिसू लागतात तोवर खाली पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं.

बाल्टिक समुद्राचंच घे. लांबशेपट्या बदकांची तिथली हिवाळी संख्या १९९२-९३ मध्ये सुमारे ४२.७ लाख होती, २००७-०९ च्या मोजणीत ती १४.८ लाखांवर आली. एकच कारण सांगणारा माणूस इथे चुकेल. तेलाचे तवंग आहेत, मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरून होणारे मृत्यू आहेत, उत्तरेत प्रजननाच्या जागी पिल्लांची हलाखी आहे. पण मसलचा मुद्दा माझ्या मते पुरेसा बोलला जात नाही. बाल्टिकचं पाणी कमी खारं, म्हणून तिथले मसल मुळातच खुजे. हिवाळ्यात पाण्यात त्यांना खायला फारसं काही नसतं, साठवलेल्या शिदोरीवर ते दिवस काढतात. पाणी थंड असलं तर शरीराचा खर्च कमी, शिदोरी पुरते. हिवाळा उबदार झाला की खर्च वाढतो आणि कवच तेवढंच राहून आतलं मांस घटतं. उबदार हिवाळा पक्ष्यांना सोपा जात असेल असं आपल्याला वाटतं. पण त्याच उबेने त्यांचं ताट पोकळ होतं, हे कळल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

नेदरलँड्सच्या वॅडन समुद्रात माणसाचा हात थेट दिसतो. १९९० च्या सुमारास मसलची नवी पैदास कमी झाली, त्यातच जोरात मासेमारी झाली आणि ओहोटीला उघडे पडणारे मसलचे थर जवळजवळ नाहीसे झाले. कॉकल नावाचे शिंपलेही यंत्राने तळ खरवडून काढले जात होते. १९९९-२००० च्या हिवाळ्यात तिथे सुमारे २१,००० आयडर मेले. त्यांच्या आवडीचं अन्न उरलं नव्हतं. अशा वेळी ते खेकड्यांकडे वळतात आणि खेकड्यांतून काटेरी तोंडाचे परजीवी कृमी त्यांच्या आतड्यात जातात, म्हणजे उपाशी पक्ष्याच्या मागे आणखी एक दुखणं. तिथलं कॉकलचं यांत्रिक खरवडणं २००५ पासून थांबलं. एवढे पक्षी मरेपर्यंत थांबायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

"अन्न संपलं तर दुसरीकडे का जात नाहीत?" असंही तू विचारशील. काही जातात. डच किनाऱ्यावरचे काळे स्कोटर, हीही समुद्री बदकंच, स्पिसुला नावाच्या शिंपल्यांवर जगत. ते घटले तेव्हा अमेरिकेतून आलेल्या लांबट पात्याच्या शिंपल्यांकडे स्कोटर वळल्याचं दिसलं. पण कॅनडातल्या हडसन उपसागरातले आयडर हिवाळ्यात उपसागर सोडतच नाहीत. बेल्चर बेटांभोवती प्रवाहांमुळे उघड्या राहिलेल्या पाण्यात ते मसल आणि समुद्री अर्चिन खाऊन राहतात. १९९१-९२ मध्ये ते पाणी गोठलं आणि खाली अन्न असूनही पक्षी मोठ्या संख्येने मेले. म्हणजे बर्फ अति झाला तरी मरण. चष्मेवाल्यांच्या बाबतीत उलटी काळजी आहे. दोन बुड्यांच्या मध्ये बर्फावर चढून बसता आलं की पाण्यात पोहत राहण्यापेक्षा ऊर्जा वाचते, आणि बर्फ विरळ झाला तर हा विसावाच जाईल.

सेंट लॉरेन्सच्या दक्षिणेला तळावरचे शिंपलेही बदलले आहेत. पूर्वी तिथे मॅकोमा जास्त होते, नंतर नुक्युलानाने जोर धरला, आणि आयडरच्या जेवणातही ते उतरलं. नंतरच्या तपासणीत तो मुख्यतः नुक्युलाना खात असल्याचं दिसलं, दोन सेंटीमीटरच्या आसपासचे.

आता माझी एक अडचण, आणि ती तुझ्याच प्रांतातली आहे. तळाचा नमुना घेतात तो व्हॅन व्हीन ग्रॅबने. लोखंडी जबडा दोरीने खाली सोडतात, तळाला टेकला की तो मिटतो आणि एक दशांश चौरस मीटर चिखल घेऊन वर येतो. मग तो चाळणीवर धुऊन एकेक शिंपला मोजायचा. २०१० पासून तिथली ठरावीक ठिकाणं एका निरीक्षण योजनेत आहेत. पण एका ठिकाणी असे मोजकेच नमुने निघतात आणि सरासरी काढली की दाट पट्टे त्यात विरून जातात. बदक तर जगतं दाट पट्ट्यांवर. सरासरी तीच राहून पट्टे विस्कटले, तर ते आपल्याला या नमुन्यांतून कळेल का? किती आणि कसे विखुरलेले नमुने लागतील? तू नमुना-पाहणीत आयुष्य काढलंस, मला याचं उत्तर सविस्तर लिही. समीकरणं असली तरी चालतील, मी बसेन त्यांच्याशी झटत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश