‘आरेल’ची पूर्ण ओळख व्हावी

महोदय,
बायबलमधला ‘आरेल’ हा हिब्रू शब्द ‘सुंता न झालेला’ एवढ्यावरच उरकला जातो, याची रुखरुख वाटते. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (6:12) संदेष्टा मोशे स्वतःच्या ओठांनाच ‘आरेल’ म्हणतो. बोलताना ते अडतात. यिर्मया 6:10 मध्ये कान ‘आरेल’, म्हणून ऐकणे जमत नाही. लेवीय 19:23 मध्ये तर नव्या फळझाडाला हा शब्द लागतो. पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही! झाकलेले, अजून न उघडलेले, अशी ही छटा मला फार मोलाची वाटते. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी तेलाचे घाणे चालवत जन्मानंतर आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्‌पिढ्या जपली. मराठी अनुवादात अशा जागी निदान तळटीप तरी हवी.
– एक वाचक, अलिबाग