संशोधनाची बातमी देताना तुलना कशाशी केली तेपण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले बरेच महिने पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडं उसाला एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) लावल्याच्या बातम्या येतायत. रानात सेन्सर बसवले, सॅटेलाइटवरून फोटो आले, मोबाईलवर मेसेज आला की आज पाणी द्या, आणि एकरी टनेज एवढं एवढं वाढलं. मी करवीर तालुक्यातला ऊसवाला, बीएस्सी झालोय, घरात पोरंपण सायन्सला आहेत, त्यामुळं असली बातमी आली की मी पेपरात तीच आधी वाचतो. तंत्रज्ञानाला माझा विरोध अजिबात नाही, उलट पाणी कमी लागणार असेल तर आपल्याकडं ते हवंच आहे, शिरोळ भागात जादा पाण्यानं किती चांगल्या जमिनी क्षारपड झाल्यात ते जाऊन बघा. पण एक गोष्ट ह्या बातम्यांत शोधून सापडत नाही. टनेज वाढलं ते कशापेक्षा वाढलं? शेजारच्या रानापेक्षा, की त्याच रानातल्या मागच्या उसापेक्षा, की जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा?

ह्या तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्याच्या सरासरीत खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस) येतो, माळरानाचा ऊस येतो, पुरात बुडलेला येतो, आणि ज्यानं सेन्सर बसवला तो बहुतेक वेळा आधीपासूनच ठिबकवाला, रोपलावण करणारा, वेळेवर भरणी (उसाला माती लावणं) करणारा शेतकरी असतो, त्याचं टनेज सेन्सर नसतानापण जास्तच होतं. मागच्या वर्षाशी तुलना केली तर २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडलेल्या रानात पुढच्या वर्षी काहीही मारा, ऊस वाढलेलाच दिसणार की.

आमच्या गावात एका कंपनीचा माणूस कसलंतरी द्रावण घेऊन आला होता. पाटाच्या तोंडाकडच्या सऱ्यांना फवारलं, शेवटाकडच्या तशाच ठेवल्या, आणि दोनतीन महिन्यांनी सगळ्यांना बोलवून दाखवलं की बघा कांड्या केवढ्या आहेत. आता तोंडाकडच्या सऱ्यांना पाणी नेहमीच जास्त मिळतं, खतपण तिकडंच जास्त पडतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहिती होतं, तरी लोकांनी पैसे भरले. नंतर एका छोट्या चौकटीत तीच गोष्ट छापूनपण आली, "यशस्वी प्रयोग" म्हणून. मला त्याचा राग आला आणि अजून आहे, कारण जी माणसं कर्ज काढून एकर-दोन एकर ऊस करतात त्यांचा पैसा त्यात गेला.

हा प्रश्न काय आजचा नाही. इंग्लंडात रोथमस्टेड म्हणून शेती संशोधन केंद्र आहे, १८४३ पासून तिथं गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. सत्तरऐंशी वर्षांची आकडेवारी साठली पण त्यातला फरक खताचा किती, पावसाचा किती आणि जमिनीचा किती हे वेगळं कसं काढायचं ते कळेना, म्हणून १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिताचा माणूस तिथं नेमला. त्यानं सांगितलं की रानाचे सारख्या जमिनीचे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात लहान लहान प्लॉट करा, आणि कुठल्या प्लॉटला खत घालायचं ते तुम्ही ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. शिवाय एकच प्लॉट करून थांबू नका, परत परत करा, म्हणजे नुसत्या नशिबानं किती फरक पडू शकतो तेपण मोजता येतं आणि तुमचा फरक त्याच्यापेक्षा मोठा आहे का ते बघता येतं. आज औषधांच्या चाचण्यांपासून मानसशास्त्रापर्यंत सगळीकडं जी पद्धत वापरतात तिचा पाया असा शेतात घातला गेलाय. मला तरी ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती.

आणि आपल्या भागाचा माणूस यात फार मोठा होऊन गेला, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे. गणित, संख्याशास्त्र शिकून आले आणि शेतीच्या आकड्यांच्या मागं लागले. तेव्हा बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पीक मोजायला लहान लहान गोल प्लॉट कापत होते, ते तर मुळात फिजिक्सचे. सुखात्मे म्हणाले की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर हे कापणारा माणूस ठरवतो आणि नकळत आतच धरतो. प्लॉट जेवढा लहान तेवढी कड जास्त, म्हणून चूकपण जास्त. दोघांत ह्यावरनं बरीच वर्षं वाद चालला. आज तलाठी, कृषी सहाय्यक आपल्या भाताच्या, सोयाबीनच्या रानात पीक कापणी प्रयोग करतात, दोरी लावून मापाचा प्लॉट काढतात, कुठल्या गटात काढायचा तो नंबर चिठ्ठी काढल्यासारखा ठरलेला असतो, त्याच्या मागं हे सगळं डोकं आहे. पीकविम्याचे पैसे त्याच आकड्यावर मिळतात की नाही ते ठरतं. तरी पेपरात बातमी येते ती फक्त विमा मिळाला का नाही एवढीच. प्लॉट कसा निवडला हे एकदा कोणीतरी नीट लिहिलं तर शेतकरी त्या दिवशी रानात हजर राहील आणि दोरी बरोबर लागतेय का तेपण बघेल.

उसाचंच घ्या. आपण सगळे ८६०३२ ही जात लावतो. त्यातला ८६ म्हणजे १९८६ साल, कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रानं त्या वर्षी त्याला नंबर दिला, को ६२१९८ आणि कोसी ६७१ ह्यांच्या संकरातून आलेला. नंबर मिळाला की लगेच रान मिळत नाही, वेगवेगळ्या केंद्रांवर, त्या वेळच्या चांगल्या जातीला शेजारी लावून चाचण्या घ्याव्या लागतात. आजपण देशपातळीच्या शेवटच्या चाचणीत दोन लावणी आणि एक खोडवा बघतात. खोडवा बघायचाच, कारण लावणीला जोरात असलेली जात खोडव्याला मागं पडते हे आपल्याला अनुभवानं माहितीये. फुले २६५ ही जात देणारं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हेच काम करतंय, आपल्या कोल्हापुरातपण ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. तिथली माणसं वर्षानुवर्षं वजनकाटा आणि वही घेऊन बसतात तेव्हा एक वाक्य लिहायला मिळतं. आणि एका हंगामाच्या, एका रानाच्या गोष्टीला तेवढीच जागा मिळते, खरं तर जास्तच मिळते. हे मला पटत नाही.

तुलना नीट केली की वाद किती लवकर मिटू शकतो ते जयंत नारळीकरांनी दाखवलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा सगळ्यांनी लिहिलं की त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, आणि ताऱ्यांवर, विश्वावर संशोधन केलं. पण २००८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची जी चाचणी घेतली ती मला जास्त जवळची वाटते, कारण ती समजायला भौतिकशास्त्र येत नसलं तरी चालतं. दोनशे मुलांच्या पत्रिका, निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं की ह्यातला हुशार कोण ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. त्यात कोणाला शिव्या नाहीत, भाषण नाही.

विद्यापीठाच्या बातम्यांबद्दलपण बोलायचंय. दरवर्षी जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी येते, आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या लोकांची नावं असतात, फोटोसकट बातमी येते, अभिमान वाटतोच. पण त्या माणसानं नेमकं काय शोधलं ते वाचून कळत नाही. तिथं पदार्थविज्ञानाची मंडळी पातळ थरांवर आणि सुपरकपॅसिटरवर (वीज साठवणारं साधन) कितीतरी वर्षं काम करतायत, वनस्पतीशास्त्रवाल्यांनी पश्चिम घाटातली दुर्मिळ कंदीलपुष्पं शोधून वाढवलीत, आवारात तर ऐंशी किलोमीटरच्यावर वाहणारे वारे मोजणारं रडार १९९९ पासून बसवलेलं होतं. वारा एवढ्या उंचीवर कसा मोजतात हे किती पोरांना वाचायला आवडेल! पेटंट मिळालं म्हणूनपण हल्ली मोठ्या बातम्या येतात, पेटंट म्हणजे कल्पना नवीन आहे एवढंच, ती रानात किंवा दवाखान्यात चालते याचा तो दाखला नाही, हे बातमीत यायला पाहिजे.

म्हणून विनंती अशी आहे की संशोधनाची कुठलीही बातमी असू दे, शेतीची असो नाहीतर औषधाची, वार्ताहरानं चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरं छापावीत. तुलना कशाशी केली, प्लॉट किंवा माणसं किती होती, किती हंगाम बघितलं, आणि खर्च कोणी केला. उत्तर मिळालं नाही तर तसं छापा, "माहिती दिली नाही" म्हणून. दोन ओळी जास्त लागतील. आणि जुलै-ऑगस्टात आडसाली (पावसाळ्यात लावायच्या) उसाच्या लागणी सुरू होतील तेव्हा एआयचा ऊस आणि साधा ऊस एकाच रानात, चिठ्ठ्या टाकून लावायला तयार असलेला एखादा शेतकरी, एखादा कारखाना किंवा कृषी महाविद्यालय तुम्ही पेपरातूनच शोधा, तोडणीच्या दिवशी तुमचा माणूस काट्यावर उभा करा, आणि जे वजन येईल ते, वाढलेलं असो नसो, पहिल्या पानावर द्या.

आपला,
एक वाचक आणि ऊस उत्पादक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर